मोटर नसलेला भोंगा

१४ मे, बुधवार. काम – पालिकेच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवरचा सायरन उतरवून भांडारात जमा करणे. माझ्या डायरीत एवढंच लिहिलेलं आहे.

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सव्वीस वर्षं नगरपालिकेत नोकरी केली, त्यातली अकरा भांडार विभागात. बल्ब किती आले, किती फुटले, ब्लिचिंगची पोती कुठे ठेवली – हे माझं जग. अंगात येणं, उतारा टाकणं असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून कामाला लागते. या सदरातले अनुभवसुद्धा मी चहा पिताना करमणूक म्हणून वाचायचे. आज स्वतःच लिहायला बसले आहे…

आमचं गाव चोपड्याकडच्या पट्ट्यात, उत्तरेला सातपुडा दिसतो. गावाचं नाव लिहीत नाही. पालिकेचं ऑफिस नवीन इमारतीत गेलं, जुन्या दगडी इमारतीत खाली माझं भांडार आणि वर जुनं रेकॉर्ड. दिवसभर तिथे फारसं कुणी फिरकत नाही. गच्चीवर लोखंडी चौकटीत तो सायरन – गावाच्या भाषेत भोंगा – बसवलेला होता. ओतीव लोखंडाचा, दोन तोंडांचा, विलायती. नावाची पट्टी गंजून वाचता येत नव्हती. सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहाला तो वाजायचा. केळीच्या बागेतले मजूर त्याच्यावर सुट्टी करायचे. दहा वर्षांपूर्वी मोटर जळाली, काढून दुरुस्तीला पाठवली, ती परत आलीच नाही. मग वायरही कुणीतरी कापून नेली. आता नवीन इलेक्ट्रॉनिक सायरन मंजूर झाला होता, म्हणून जुना खाली आणायचा होता.

तो कसा बसवलाय हे माहीत असलेला एकच माणूस गावात उरलाय – नाना. वय एक्क्याऐंशी. चौतीस वर्षं भोंगा त्यांनीच वाजवला. त्यांना मीच निरोप पाठवून बोलावलं. ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून आठलाच सुरुवात केली. सोबत आमचे वायरमन सुकलालभाऊ आणि दोन मजूर.

भोंगा जिन्यावरून उतरवताना तो नानांपेक्षा जड आहे अशी सुकलालभाऊंची चेष्टा चालूच होती. "नाना, हाऊ भोंगा तुमनाथीन जड शे." नाना म्हणाले, "हाऊ बसाडा तवय तू जल्मेल बी नव्हता." आणि मग भोंग्यावर हात ठेवून त्यांनी आम्हाला एक गोष्ट समजावली, ती मला सव्वीस वर्षांत माहीत नव्हती.

भोंग्याचे सूर दोन. बटण दाबून धरलं की तो एका सुरात वाजतो. दाबायचं-सोडायचं, दाबायचं-सोडायचं केलं की आवाज चढतो, उतरतो, परत चढतो. एकाहत्तरच्या लढाईत खिडक्यांना काळे कागद लावायचे, तेव्हाची ही शिस्त. चढउताराचा म्हणजे धोका, लपा. एकसुरी म्हणजे धोका गेला, बाहेर या. लढाई संपल्यावर वेळ सांगायला तो एकसुरीच ठेवला. म्हणजे गाव इतकी वर्षं ज्याच्यावर जेवायला उठत होतं तो खरं तर 'सगळं ठीक आहे' असा निरोप होता. चढउताराचा सूर नानांनी त्यानंतर एकदाही वाजवला नाही.

सव्वाअकराला काम संपलं. भोंगा भांडारात गोणपाटावर ठेवला. त्याच्या एका तोंडात पारव्यांनी काड्यांचं घरटं केलेलं होतं, ते मी नंतर काढू म्हणून तसंच राहू दिलं. मजूर गेले. मी कूलर लावून रजिस्टर लिहायला बसले. आमचा कूलर चालू असला की समोरच्याला ओरडावं लागतं. सुकलालभाऊंना पाइपलाइनच्या मोटरीचा फोन आला होता, ते गडबडीत दारातूनच मला ओरडून सांगून गेले –

"ताई, नाना वर गयात."

मी ऐकलं – नाना घर गयात.

माझं माहेर सावद्याकडचं. आमची बोली वेगळी. आम्ही 'घरी गेले' म्हणतो, तिथे घोटाळा होत नाही. इकडच्या अहिराणीत नुसतं 'घर गया'. इतकी वर्षं इथे राहून मला सगळं कळतं, पण त्या दिवशी 'वर'चं 'घर' झालं. एका अक्षरानं. नाना चष्मा गच्चीवर विसरले होते, तो आणायला परत वर गेले होते.

मी रजिस्टर मिटलं. वर गेले, गच्चीच्या लोखंडी दाराला बाहेर न बघता कडी घातली, कुलूप लावलं. नेहमी लावते तसंच. भांडाराला कुलूप लावून नव्या इमारतीत सह्या घेतल्या आणि जेवायला घरी आले.

खानदेशातला मे महिना ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मोबाइल पंचेचाळीस दाखवत होता. बाराला लाईट गेली, दुरुस्तीसाठी दोनपर्यंत येणार नव्हती. माझं घर तिथून अर्धा किलोमीटर. मी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ मळत होते. बारा चाळीसला भोंगा वाजला.

पहिल्यांदा मला काहीच वाटलं नाही, हे खरं सांगते. इतक्या वर्षांचा ओळखीचा आवाज, भाकरी टाकायला हवी एवढंच डोक्यात आलं. मग तो उतरला. परत चढला. परत उतरला… आणि माझे हात थांबले. भोंगा तर माझ्या भांडारात होता. किल्ली माझ्या कमरेला होती.

मला राग आला. कुणीतरी भांडार फोडलं, असंच मला वाटलं. पिठाच्या हातांनीच स्कूटी काढली. रस्ताभर तो आवाज चालू होता आणि जवळ जाईन तसा मोठा होत होता. इमारतीच्या आवारात शिरले तेव्हा तो डोक्यावरून येत होता, इतका स्पष्ट की मी मान वर केली. वर फक्त रिकामी चौकट.

भांडाराचं कुलूप जागेवर. उघडलं. भोंगा गोणपाटावर आडवा, मी ठेवला होता तसा. त्याच्या तोंडातली एक काडीसुद्धा हललेली नव्हती. मी त्याच्यावर हात ठेवला. लोखंड. गप्प. आणि वर तो आवाज चालूच होता – चढतोय, उतरतोय. माझ्या तळव्याला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं.

घर गयात… वर गयात.

कसं सुचलं माहीत नाही, पण त्या क्षणी ते दोन शब्द माझ्या कानात एकमेकांशेजारी उभे राहिले. मी जिना चढले. पिठाच्या बोटांनी किल्ली लागेना. कुलूप निघालं आणि आवाज थांबला. हळूहळू बंद होतो तसा नाही… एकदम.

नाना पाण्याच्या टाकीला टेकून पडले होते. टाकीची सावली वीतभर, तेवढ्यात त्यांचं डोकं होतं, बाकी अंग उन्हात. हाताची कातडी कोरडी, तापलेली. घाम नाही. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हते. दारावर गच्चीच्या बाजूनं मूठ आपटल्याचे धुळीतले ठसे मी नंतर पाहिले.

टाकीतलं पाणी कढत होतं, तरी तेच धोतरावर, डोक्यावर ओतलं. समोरच्या चहाच्या टपरीवाल्याला हाक मारली, आम्ही दोघांनी त्यांना खाली आणलं. दवाखान्यात बर्फ, सलाईन सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर माझ्याकडे आणायची गरज नव्हती. संध्याकाळी नानांनी सुनेला ओळखलं, तेव्हा कुठे मी बाकावर बसले.

आता तुम्ही म्हणाल भास. मीही तेच म्हटलं. म्हणून त्याच दिवशी चौकशी केली. गावात लाईट नव्हती. रुग्णवाहिका पेशंट घेऊन जळगावला गेलेली. अग्निशमनच्या गाडीची बॅटरी चार्जिंगला काढून ठेवलेली. टपरीवाला म्हणाला, हो, ऐकला की, नवा बसवला ना तुम्ही? बाजारातल्या म्हाताऱ्या शिंप्यानं तर भोंगा झाला म्हणून घड्याळ वीस मिनिटं पुढे करून एक वाजवला, दुकान बंद केलं आणि घरी जाऊन भाकरी तयार नाही म्हणून बायकोशी भांडला. मी त्याला विचारलं, आवाज कसा होता – एका सुरात का चढउताराचा? तो म्हणाला, "ताई, भोंगा तो भोंगा. त्यात काय सूर असतो?"

म्हणजे बाजारानं ऐकला. पण धोक्याचा सूर कुणाला ओळखू आला नाही. मलाही आला नसता… नानांनी त्याच सकाळी सांगितलं नसतं तर.

अनेक शक्यता तपासल्या. सुकलालभाऊंनी भोंगा उघडून पाहिला – आतलं चाक गंजून धरलेलं, हातानंही फिरत नाही. झाकण परत लावून ते गेले. कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर कळवा, पण भास म्हणू नका. शिंप्याचं घड्याळ भासानं पुढे गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी दवाखान्यात गेले. नाना उशीला टेकून चहा पीत होते. सुनेला बाहेर पाठवलं आणि सरळ सांगितलं, दाराला कुलूप मी लावलं होतं, गच्चीवर न बघता.

"माले म्हाईत शे, ताई," नाना म्हणाले. "कुलूपना आवाज मी ऐका."

मी विचारलं, मग भोंगा कुणी वाजवला? तुम्ही ऐकला असेल ना, तुमच्या तर डोक्यावरच वाजत होता.

नानांनी बशी खाली ठेवली. भोंगा त्यांनी ऐकलाच नव्हता. वर काहीच आवाज नव्हता म्हणाले, पारवासुद्धा नव्हता.

"मी तर तुमलेच हाका मारी राहिंतू." मग हातानं दाखवलं – मोठ्यानं, दम गेला की हळू, परत मोठ्यानं.

मी तिथून ऑफिसला गेले. मुख्याधिकाऱ्यांना लेखी खुलासा दिला. दार मी बंद केलं, चूक माझी, सुकलालभाऊंनी मला बरोबर सांगितलं होतं, हे सगळं लिहिलं. शेवटी त्यांनी विचारलं, जेवण सोडून तुम्ही परत कशा आलात तेही लिहा. मी लिहिलं – नानांची हाक ऐकू आली म्हणून. आणि सही केली.