हाताच्या रंगाची किल्लेदारीण

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा माझे हात गुलाबी होते. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात मी उगवण तपासते. औषधाचा रंग चढवलेलं बियाणं दिवसभर हाताळलं की संध्याकाळपर्यंत बोटं रंगून जातात. तिचा धाकटा भाऊ दत्ता एवढंच म्हणाला, "शोभाताई, आपली विमलताई गेली..." आजारपण वर्षभराचं, सगळं ठाऊक होतं. फोन ठेवून मी हात धुवायला गेले आणि नळाखाली रंग उतरताना बघून मला चक्क हसू आलं. आसपासच्या बायकांना वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं. पण विमलच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस असाच, हातावरचा रंग उतरल्यामुळे उगवला होता.

आम्ही दोघी जाफराबादच्या, एका बाकावरच्या. मी गोरी, ती काळी. तिला 'सावळी' म्हटलेलं खपायचं नाही. काळीला काळी म्हणा, उगीच पाणी कशाला घालता, म्हणायची. सातवीत गॅदरिंगला राजा-राणीचं नाटक बसवलं. राणीचं अख्खं भाषण तिला तोंडपाठ होतं, पण गुरुजींनी राणी केलं मला आणि तिच्या हाती दिला पंखा. स्टेजवर गेले आणि मला एक शब्द आठवेना. विमल मागे उभी राहून, वारा घालता घालता एकेक वाक्य हळूच सांगत गेली आणि मी पोपटासारखी बोलत गेले. टाळ्या मला पडल्या, बक्षिसाची पितळी वाटीही मलाच मिळाली. घरी मी तिचं नावसुद्धा काढलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते. ती मात्र हा किस्सा दर वेळी नवा मीठमसाला लावून चारचौघांत सांगायची.

पुढे पाहुणे बघायला येणार म्हटलं की तिची माय तिला साय आणि डाळीचं पीठ चोळायची. एवढ्या पिठाचं पिठलं केलं असतं तर पाहुणेही जेवून गेले असते, असं ती पाहुण्यांसमोरच बोलली आणि ते स्थळ तिथंच मोडलं. मग ती छत्रपती संभाजीनगरला नाटक शिकली आणि तिथून मुंबईला गेली. तेव्हा ऐतिहासिक मालिकांचं पेवच फुटलं होतं. पण पडद्यावरचे राजे गोरे, राण्या त्याहून गोऱ्या. रानात राबणारी बाई दाखवायची असली की गोऱ्यापान मुलीला काळं फासायचे; विमलला मात्र घरंदाज बाईचं काम कुणी देईना. दासी, दाई, फार तर माळीण. तिला एकदाच का होईना, स्वतःच्या तोंडानं मानाची बाई व्हायचं होतं. मी फोनवर विचारायचे, "औंदा काय?" ती म्हणायची, "पंखाच. हातातून सुटून न्हाई राह्यला."

दहा वर्षांनी तो सुटला. वेढा पडलेल्या गडाची किल्लेदारीण, नवरा पडल्यावर गड लढवणारी. अट एकच, चेहरा चार छटा उजळ करायचा. तिनं ती मान्य केली हे ऐकून मला राग आला होता. ती शांतपणे म्हणाली, "शोभे, तुला राणी बिनमागता मिळाली. मला काय सोडायचं अन् काय धरायचं, ते मला ठरवू दे."

योगायोगानं शूटिंगच्या आठवड्यात मी मुंबईत होते, सेटवर तिनंच नेलं. प्रसंग असा होता की गडावरची शेवटची विहीर, आणि किल्लेदारीण स्वतःच्या हातानं पोहरा ओढून तहानलेल्या माणसांना पाणी देते. मेकअपवाल्यानं तोंड रंगवलं, कोपरापर्यंत हात रंगवले. दोर ओला होता. दोन हात ओढला की रंग दोरीला आणि विमलचे हात उघडे. मॉनिटरवर बाई वरून पिठासारखी आणि खालून काळी कुळकुळीत. पुन्हा रंग, पुन्हा दोर. दोर कोरडा करून पाहिला, तर पोहरा कलंडून पाणी हातावर. चौथ्या वेळी दिग्दर्शक करवादला, ऊन उतरायला लागलं होतं. कुणीतरी सुचवलं, एखाद्या गोऱ्या मुलीचे नुसते हात घेऊ. ती मुलगी आली, पण तिला पोहरा विहिरीच्या काठापर्यंतही ओढता येईना. लहानपणापासून पाणी शेंदलेल्या हातांचं ते काम होतं.

तेव्हा विमल उठली. एरवी सेटवर ती पुस्तकी मराठी बोलायची. त्या दिवशी जाफराबादचं बोलली. "सर, हाताला तोंडासारखं करू करू दिवस बुडून राह्यला. हे हात बदलत न्हाईत. मंग तोंडच हातासारखं करा की."

मेकअपवाला म्हणाला, लोकांना किल्लेदारीण अशी चालणार नाही. ती म्हणाली, तटावर उन्हात उभी राहणारी बाई दुसरी कशी असेल? दिग्दर्शकानं आधी सूर्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि मान हलवली. विमलनं त्याच पोहऱ्यातल्या पाण्यानं खसाखसा तोंड धुतलं. पुढचा टेक एका दमात झाला. मी कॅमेऱ्यामागं रडत होते, हे सांगायला मला संकोच नाही.

तो भाग लागला तेव्हा जाफराबादेत दत्तानं चौकात पडदा लावला होता. माय उठून पडद्याजवळ गेली, लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बिलकुल आपली विमीच हाय." त्यानंतर विमलनं दोन राजमाता केल्या, एक सुभेदारीण केली. पिठाचं तोंड पुन्हा कधी लावलं नाही.

दर वर्षी ती आमच्या शाळेत नाटक बसवायला यायची. एक सवय तिनं पोरींना लावली होती. रंगभूषा झाली की हाताची पाठ गालाला लावून आरशात बघायचं. दोन्ही जुळले तरच स्टेजवर जायचं.

ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात गॅदरिंग होतं. यंदा बंद ठेवू असं शाळेतले म्हणत होते, पोरींनी ऐकलं नाही. राणी होती आठवीतली एक पोर, अगदी विमलच्या रंगाची. तिनं हात गालाला लावला, आरशात पाहिलं, मान डोलावली आणि स्टेजवर गेली. विमलची जागा म्हणून मी विंगेत उभी राहिले, संवादांची वही उघडून, पोर अडखळलीच तर सांगायला...

एकदाही सांगावं लागलं नाही.