लाँचचं झाकण

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी धरणापलीकडच्या एका वाडीत शाळेवर होते. सोमवारी सकाळी लाँचने पलीकडे जायचं, शनिवारी परत यायचं. लाँच जुनी होती. मधोमध लाकडी खोक्याखाली डिझेल इंजिन आणि मागे उघड्यावर बसवलेली डिझेलची टाकी. चालवणारा माणूस चाळिशीचा, गप्प, कायम कपाळाला आठी. त्याला मी पहिल्या दिवसापासून आवडले नाही आणि मलाही तो आवडला नाही.

दिवाळीनंतर लाँच बिघडली. काठावरून झोकात निघायची, पण अर्ध्या पाण्यात आली की इंजिनाचा आवाज पडायचा, कितीही रेस दिली तरी ते लोड घेईना. कधी बंदच पडायचं. पुढच्या फेरीला निघायच्या आधीच चालवणारा खापर माणसांवर फोडायचा.

"वजन लई झालंय. उतरा चारजण."

उतरणारे नेहमी डोंगरातलेच. एकदा त्यानं हिरड्याचं पोतं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याला उतरवलं. म्हाताऱ्यानं पोतं डोक्यावर घेतलं आणि काठाकाठानं तीन तासांची वाट धरली. मी बसून राहिले. त्या बसून राहण्याची लाज वाटली आणि सगळा राग चालवणाऱ्यावर गेला.

घोडेगावाहून मिस्त्री आला. त्यानं फिल्टर बदलला, नोझल साफ केला, काठावर दहा मिनिटं इंजिन चालवलं आणि "झकास आहे" म्हणून गेला. दुसऱ्याच फेरीला पुन्हा तेच.

माझे वडील महाळुंगे पडवळला शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करत. त्यांना पाने-पकडी देत देत मी वाढले. त्यामुळे त्या सोमवारी लाँच बंद पडली तेव्हा मी कान देऊन बसले. त्यानं डिझेल किती उरलंय ते काठीनं बघायला टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून आवाज आला. मग त्यानं फिल्टरपाशी नळीत अडकलेली एअर काढली, हँडल मारलं, आणि इंजिन पहिल्यासारखं धावू लागलं.

"टाकीत हवा जात नाहीये," मी म्हणाले. "झाकणाचं भोक बुजलंय. डिझेल ओढून ओढून टाकी आवळते. झाकण उघडलं की तेवढ्यापुरती सुटते."

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई, तुमी पोरांना बाराखडी शिकवा."

"झाकण नुसतं सैल ठेवून तर बघा."

"डिझेल सांडून आग लागली तर तुमचा बाप येणार हाय का विझवाया?"

बापाचं नाव काढलं ते मला झोंबलं. पुढच्या शनिवारी वारा जोराचा होता आणि लाँच भरलेली. मध्यावर इंजिन पडू लागलं. लाटा आडव्या यायला लागल्या, एका बाईनं पोराला पोटाशी घट्ट धरलं. मी उठले, टाकीपाशी गेले आणि झाकण काढून हातात घेतलं. पाणी आत उडू नये म्हणून टाकीच्या तोंडावर रुमाल धरला. त्यानं माझं मनगट पकडलं.

"ठेव ते."

"नाही ठेवत."

तेवढ्यात इंजिनानं आवाज धरला. त्याला सुकाणूकडे जावंच लागलं. लाँच एका दमात काठाला लागली.

काठावर मी पदराची पिन काढली आणि सगळ्यांसमोर झाकणाच्या भोकात घातली. निळ्या ऑइलपेंटची गुठळी बाहेर आली. दिवाळीत टाकी त्यानंच रंगवली होती. मी ती पिन त्याच्यापुढे धरली. "हे तुमचं वजन. ह्याच्यासाठी माणसं उतरवलीत."

कुणी हसलं नाही. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"तुमच्या खालच्या गावांना पाणी पायजे म्हनून आमचं घर ह्या पाण्यात गेलं," तो म्हणाला. "त्याच पाण्यावर मी तुमाला नेतो, आनतो. वर तुमीच मला शिकवायचं?"

आमच्या गावच्या पाणी उपसायच्या मोटारी त्याच पाण्यावर चालत होत्या. तरी मी माफी मागितली नाही. झाकण त्याच्या पायाशी टाकलं आणि चालू लागले.

मला वाटलं होतं, वाडी माझ्या बाजूनं बोलेल. हिरडेवाला म्हातारा शाळेच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "बाई, खरं तुमचंच. पन त्याला येकट्याला सांगायचं व्हतं. चारचौघांत त्याची अब्रू काढाया नको व्हती."

"त्यानं तुम्हाला उतरवलं होतं, बाबा."

"मला उतरवलं ना? मंग राग मी धरीन. तुमी कशाला?"

लाँच पुन्हा कधी अर्ध्यात थांबली नाही आणि कुणाला उतरवलंही गेलं नाही. फक्त माझ्यासाठी ती थांबेना. मी उतारावर दिसले की तो दोर सोडायचा. दोन वर्षं मी कितीदा तरी काठानं चालत शाळा गाठली आणि प्रत्येक वळणावर त्याला शिव्या घातल्या.

मग लोणीला बदली झाली. माझी ट्रंक घेऊन वाडीतली चार माणसं काठावर आली, म्हणून त्याला थांबावं लागलं. काठाला लागल्यावर त्यानं ट्रंक उचलली आणि कोरडी जागा हाताशी असताना चिखलात ठेवली. मी ती एकटीनं ओढत वर नेली. मागं वळून बघितलं नाही.