कोनाड्यावरची काजळी

दिवाळीला घरी गेलो आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकलो. कोनाड्यावरचा काळा डाग नाहीसा झाला होता. तिथे ठेवलेल्या रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात मी पदवीपर्यंत अभ्यास केला. तिच्याच धुराने भिंतीवर धरलेली ती काजळी. घराला रंग देतानाही रंगाऱ्याला मी तेवढी जागा सोडायला लावली होती.

"आई, डाग कुठे गेला?"

"पुसला. खायचा सोडा, लिंबू नि भांड्यांचा साबण. सकाळपासून घासतेय."

"अगं, त्या उजेडात मी शिकलो!"

"तुला उजेड दिसतो रे. मला धूर दिसायचा. डोळे चोळत वाचायचास, अन् मला घरात लाईट घेता येत नव्हती. रोज भाकरी थापताना तेच समोर."

ज्या डागाला मी मनोमन हात जोडत होतो, तो आई इतकी वर्षं सोसत होती.

भिंत आता लख्ख होती. काजळी तेवढी आईच्या बोटांच्या भेगांत उरली होती. ओट्यावर लिंबाची अर्धी फोड पडली होती. ती घेऊन मी आईचा हात पुढ्यात ओढला आणि हळूहळू चोळू लागलो.

"अरे, झोंबतंय!" ती म्हणाली. पण हात काही तिने काढून घेतला नाही.