नारळ लढवणारे दुकानदार

आमच्या किनाऱ्याजवळ एक किराणा दुकानदार आहेत. ते प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतात. साखर मागितली की "देतंय, देतंय" म्हणतात आणि गप्पांच्या नादात डाळ बांधून देतात. नारळी पौर्णिमेला नारळ लढवायची आमच्या गावची प्रथा बरीच वर्षं बंद पडली होती. ती पुन्हा सुरू करायचा ध्यास त्यांनीच घेतला. बायकांनीही खेळायला यावं म्हणून घरोघर जाऊन सांगून आले.

पौर्णिमेच्या दुपारी समुद्राला नारळ वाहून झाला आणि खेळ सुरू झाला. नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला. दुकानदारांनी एकाच नारळाने सात पुरुषांना हरवलं. बायका मात्र लांबूनच बघत होत्या.

मग त्यांनी माझ्या आईला हाक मारली, "काकी, येवा, येवा."

सत्तरीची आई लाजत, पदर खोचत पुढे गेली. तिने नारळ उगारला तेव्हा मी शेजारीच होतो. दुकानदारांनी हातातला नारळ हळूच फिरवून त्याची नाजूक बाजू वर केली. तो एका फटक्यात फुटला.

"हरलंय, हरलंय!" ते आनंदाने ओरडले.

मग एकेक करत सगळ्याच बायका खेळायला उतरल्या.

संध्याकाळी आई मावशीला फोनवर सांगत होती, "अगो, एका फटक्यात फोडलंय!" मी बाजूला बसून हसत होतो. खरं काय ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.