सगळ्या अटी पूर्ण

प्रमेयसरांनी आयुष्यात एकही प्रोग्रॅम चालवून पाहिला नव्हता, आणि याचा त्यांना चक्क अभिमान होता. विद्यापीठात ते प्रोग्रॅमिंगच्या भाषा शिकवत. त्यातही अशा भाषा, ज्यांत काय हवं तेवढंच सांगायचं. कसं करायचं ते यंत्रानं आपलं आपण शोधायचं. प्रोग्रॅम बरोबर आहे हे ते फळ्यावर सिद्ध करत, खडूचे हात झटकत आणि घरी येत. चालवून बघणारे लोक त्यांच्या लेखी मिस्त्री. पोटची मुलगी बस डेपोच्या संगणक विभागात कामाला होती, म्हणजे तीही मिस्त्रीच.

घरातही सरांची भाषा हीच. चहा हवा. खोली शांत हवी. पाहुणे नकोत. दूध कुठून येतं, पाहुण्यांना कोण काय सांगून वाटेला लावतं, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. बायकोनं वर्षानुवर्षं ते सगळं निभावलं आणि एक दिवस बॅग भरून बहिणीकडे राहायला गेली ती गेलीच. सरांना हे कळलं ते जेवायच्या वेळी.

मुलगी लग्न होऊन वेगळी राहत होती. बापाचा तिला मनस्वी राग यायचा. पण विद्यापीठानं जेव्हा सांगितलं, की तुमची विद्या बाहेर कुणीतरी वापरतंय असं दाखवा, नाहीतर प्रयोगशाळा बंद, तेव्हा त्यांचं उतरलेलं तोंड तिला बघवेना. तिनं डेपोच्या व्यवस्थापकबाईंकडे शब्द टाकला. चालकांच्या पाळ्या आणि बसच्या फेऱ्या बसवायचा प्रोग्रॅम बाबा करून देतील म्हणाली.

"तुझ्या शब्दावर घेतेय हं," बाई म्हणाल्या. "मला तोंडघशी पाडू नकोस."

सरांनी नियम लिहिले. मुलीनं बघायला मागितले, तर म्हणाले, "तुला नाही कळायचं."

"बरं, निदान एकदा चालवून तरी बघा. चार बस घ्या, खोट्या खोट्या."

"अगं, सिद्ध केलंय मी! सिद्ध झालेलं चालवून बघायचं म्हणजे दोन नि दोन चार होतात का, ते रोज सकाळी मोजून बघायचं."

उंटावरचा शहाणा बरा, निदान तो उंटावर तरी बसलेला असतो, असं तिच्या मनात आलं.

प्रयोगाच्या दिवशी डेपोच्या बैठकीच्या खोलीत व्यवस्थापकबाई होत्या, चालकांचा म्होरक्या होता आणि विद्यापीठाचे विभागप्रमुख होते. खिडकीबाहेर बस धुणं चाललं होतं. सिद्धांत आणि व्यवहार आज कसे गळ्यात गळा घालताहेत, यावर सरांनी लांबलचक भाषण ठोकलं. मग त्यांनी बटण दाबलं. उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं: सगळ्या अटी पूर्ण. खाली वेळापत्रक होतं, रकाने आखलेले आणि कोरे. सगळे जण वाट बघत राहिले.

"सर, गाड्या कुठायत?" म्होरक्यानं विचारलं.

सर पडद्याजवळ गेले. दमलेल्या चालकाला फेरी नको, एका फलाटावर दोन बस नकोत, बसला उशीर नको, खच्चून गर्दी नको, असे सगळे नकोच त्यांनी लिहिले होते. बस सुटली पाहिजे, हे कुठेच नव्हतं. यंत्रानं एकही बस न सोडता सगळे नियम पाळले होते.

"यात एकही अट मोडलेली नाही," सर घसा साफ करत म्हणाले. "उशिरा कुणी पोहोचत नाही."

"पोहोचतंय तरी कोण?" म्होरक्या म्हणाला आणि हसून हसून खोकायला लागला.

"बस सुटणार, हे गृहीतच आहे!"

"कुणी गृहीत धरलं?" बाईंनी विचारलं. त्या सरांकडे नाही, मुलीकडे बघत होत्या. मुलीला धरणी दुभंगावी असं झालं. विभागप्रमुखांनी फाइल मिटली आणि चहाला न थांबता निघून गेले. प्रयोगशाळेचा निकाल तिथेच लागला.

मुलगी बापाला घरी सोडायला आली. वाटभर सर बोलत होते. सिद्धता निर्दोष होती, लोकांना तेवढी समज नाही, वगैरे वगैरे. तिच्या नोकरीची त्यांनी एका अक्षरानं चौकशी केली नाही. कुलूप काढताना पुन्हा म्हणाले, "एकही अट मोडली नव्हती."

तिला राहवेना. "घरातही नाही मोडली, बाबा. आवाज नाही, पाहुणे नाहीत, भांडण नाही. सगळं तुमच्या मनासारखं. माणूस असावं असं तेवढं तुम्ही कधी म्हणाला नाहीत."

ती जिना उतरून गेली. सर आत आले, चपला काढल्या, खुर्चीत बसले.

"चहा हवा," ते सवयीनं म्हणाले. खोली अगदी शांत होती.