तळपायाला तूप

आमचे हे ट्रक चालवायचे. शिरवळच्या पुढच्या उतारावर एक सायकलवाला अचानक आडवा आला आणि जागीच गेला. यांची चूक नव्हती. पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं. पण कोरेगावजवळच्या आमच्या गावी परतले ते वेगळेच होऊन. घास उतरेना, डोळ्याला डोळा लागेना. रस्त्यावर हॉर्न वाजला की गोठ्यात जाऊन बसायचे.

माझ्या भावानं आम्हाला सांगलीला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मला विचारलं, "घरात काशाची वाटी आहे? थोडं तूप लावून रोज तिन्हीसांजेला यांचे तळपाय घासत जा. पण हे गोळ्यांच्या जोडीला हं, गोळ्या चुकवायच्या नाहीत."

पहिले काही दिवस हे पाय ओढून घ्यायचे. "नगं गं. ह्याच पायानं येळंवर ब्रेक लागला न्हाई."

मी पाय पुन्हा मांडीवर घ्यायची.

आठ-दहा दिवस झाले असतील. तिन्हीसांजेला मी यांचा पाय घासत असताना मोठे दीर दोन माणसं घेऊन दारात आले. एकाच्या हातात दोर होता.

"देवऋषी वाट बघतुया," दीर म्हणाले. "बाहेरचं हाय, आजच काढतो म्हनलाय. त्या गोळ्या आदी बंद करा. ऊठ रं!"

यांची नजर दोरावर खिळली. माझ्या मांडीवरचा पाय लटलट कापायला लागला. मी घोटा घट्ट धरला. डोक्यावरचा पदर घसरला, पण हात तुपानं माखलेले, सावरायचा कसा? लग्नाला सहा वर्षं झाली होती, दिरांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"दादा, हे येनार न्हाईत."

"तू मधी बोलू नगंस."

"बोलनार. जित्या मानसाला जनावरागत बांधून न्यायचं न्हाई. न्यायचंच आसंल तर आदी मला बांधा."

माझाच आवाज मला ओळखू येईना. दोरवाला माणूस खाली बघत बाहेर गेला, पाठोपाठ दुसराही. दीर उंबऱ्यात एकटेच उरले. मग तेही वळले.

हे भिंतीला टेकून घामानं निथळत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी आपणहून दुसरा पाय पुढं केला. तो घासता घासताच त्यांना झोप लागली.

दीर दोन महिने आमच्याकडं फिरकले नाहीत. डॉक्टरांकडं जायच्या पुढच्या खेपेला मात्र सांगलीच्या एस.टी.त आमच्या मागच्या बाकावर येऊन बसले. डॉक्टरांसमोर टोपी काढून हळूच म्हणाले, "भावाचं हे झाल्यापास्नं मला बी झोप न्हाई, सायेब."

यांच्या गोळ्या तीन वर्षं चालल्या. मधे दोनदा पुन्हा गोठ्यात बसायचे दिवस आले आणि गेले. ट्रकला त्यांनी परत हात लावला नाही. बैलगाडी जुंपायला लागले. समोरून सायकल आली की गाडी कडेला घेऊन थांबायचे. मी शेजारी असले तर मीही सायकलकडं बघत राही. सायकल लांब गेली की हे बैलांना हाळी द्यायचे.