सरपंचाची ओवी

भांडण कुणाचंही असो, आमची सरपंच मध्ये पडायचीच. नांदेडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला मी होस्टेलवर राहायला गेले, त्या सकाळी नळावर दोन मुलींची नंबरावरून जुंपली होती. एक उंच, सावळी, केसांना तेल चोपडलेली मुलगी दात घासत तिथं आली, चूळ भरली आणि भरलेली बादली उचलून तिसऱ्याच मुलीच्या हातात दिली. "तुमचं मिटेस्तोवर हिला आंघोळ करू द्या." भांडणाऱ्या दोघींनाही हसू फुटलं. संध्याकाळपर्यंत तिचं नाव सरपंच पडलं होतं. खरं नाव कावेरी. चाकूरजवळच्या खेड्यातली, घरी शेती. मी मुखेडची सुजाता. आम्हाला एकच खोली मिळाली आणि पुढं विद्यापीठात एम.एस्सी. होईपर्यंत आम्ही ती खोलीची सोबत सोडली नाही.

वर्गात तिला एकच खोड होती. फळ्यावर समीकरण पूर्ण झालं की मागून आवाज यायचा, "सर, पण हे असंच का?" सर वैतागून म्हणायचे, "हे परीक्षेत येत नाही." त्यावर ती शांतपणे म्हणायची, "परीक्षेत नका येऊ देऊ सर. पण माझ्या डोक्यात आलंय, त्याचं काय करू?" वर्ग हसायचा. सर मात्र दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन यायचे आणि तास संपल्यावर तिला थांबवून घ्यायचे.

दुसऱ्या वर्षी ती मला तिच्या गावी घेऊन गेली. ओसरीवर बसलो. तिच्या आत्यानं सगळ्यांना तांब्याच्या फुलपात्रातून पाणी दिलं आणि मला कोनाड्यातला स्टीलचा वेगळा पेला. मला कळलं. आमच्या घरच्यांना हे पेले चांगले ओळखीचे आहेत. मी पाणी पिऊन पेला खाली ठेवला, तसा सरपंचानं तो उचलला, त्यातच पाणी ओतून घेतलं आणि घटाघटा प्याली. मग स्वयंपाकघरात जाऊन मांडणीवर घरच्या पेल्यांत तो पालथा घालून आली. परत येताना एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सुजे, तुला आणायच्या आधी मी घरात भांडायला पायजे होतं. आधी भांडले असते तर तुला पाणी तरी गोड लागलं असतं." त्या दिवसानंतर तिच्या घरून डबा आला की त्यात माझ्या नावाच्या शेंगदाण्याच्या पोळ्या वेगळ्या बांधलेल्या असायच्या. आत्याच करायची. सरपंचानं तिला काय सांगितलं होतं, ते मला कधीच कळलं नाही.

एम.एस्सी. झाल्यावर आमच्या सरांनी तिच्यासाठी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाची जागा पक्की केली. बॅग भरून तयार होती. त्याच आठवड्यात तिची थोरली बहीण बाळंतपणात गेली. मुलगी वाचली.

तेरावा झाला आणि घरातल्या मोठ्यांनी ठरवून टाकलं: कावेरीचं लग्न दाजीशी लावायचं, लेकराला मावशीसारखी आई मिळणार नाही. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती गोठ्याजवळ बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. "दाजी माणूस वाईट न्हाई," ती म्हणाली. "पण ताई उठून गेली अन् तिच्या पाटावर मला बसवून राहिलेत. मला न्हाई बसायचं." मग बैठकीत जाऊन उभ्यानंच तिनं सांगितलं, "लेकरू माझं. लगीन न्हाई." बरीच आदळआपट झाली. शेवटी दाजीच मान खाली घालून म्हणाले, "हाव. तिला जमंल तसं करू द्या." पुण्याला ती गेली नाही. पाळण्यात नाव ठेवताना तिनंच ओवी हे नाव सांगितलं.

पोटासाठी दोघीही लातूरला आलो. एकाच क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला लागलो. सरपंचानं आई आणि ओवीला घेऊन दोन खोल्या केल्या, मी शेजारच्या गल्लीत. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला तिथं येतात. चाचणीचे मार्क लागले की एखादं कोपऱ्यात रडत बसलेलं असतं. सरपंच त्याच्याशेजारी बसायची. "तुला काय व्हायचंय? तुझ्या पप्पाचं नको सांगू. तुला विचारून राहिले." एका मुलीनं घाबरत सांगितलं की तिला शिवणकाम आवडतं. सरपंचानं तिच्या वडिलांना बोलावून घेतलं, तासभर हुज्जत घातली आणि पोरीला ते शिकायला पाठवलं. क्लासचे मालक चिडले. ती म्हणाली, "सर, मला काढायचं तर काढा. पण ती पोरगी जेवायची बंद झाली होती."

पुण्याची आठवण येते का, असं मी एकदा विचारलं. "येते की. भांडी घासताना लई येते," ती म्हणाली. "मग ओवी काहीतरी सांडते." ओवी तिला आई म्हणायची. तसं कुणी शिकवलं नव्हतं. दाजी महिन्यातून एकदा खाऊ घेऊन यायचे, तासभर बसायचे आणि जायचे.

ओवी दुसरीत होती तेव्हा ते त्यांच्या दुसऱ्या बायकोला घेऊन आले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल होत नव्हतं. बाई गरीब स्वभावाची होती, सगळा वेळ ओवीच्या वेणीकडे बघत होती. दाजी म्हणाले, "कावेरी, माझी पोर आता मला दे." इतकंच.

आम्ही वकिलाकडे गेलो. त्यांनी सांगितलं, बापाचा हक्क मोठा, पण लढता येईल. कोर्ट मुलीलाही विचारेल. जिना उतरताना मी म्हटलं, "लढू या. मी आहे." सरपंच पायरीवरच थांबली. "सात वर्षांच्या पोरीला उभं करून विचारायचं, तुला आई पायजे का बाप? जे सांगंल ते तिला जल्मभर डाचणार. मी कुणाशीबी भांडंन सुजे. तिच्या अंगावरून न्हाई भांडणार."

मग ओवी जायच्या आधीचे दिवस. एका संध्याकाळी मी गेले तर दोघी स्वयंपाकघरात खेळ खेळत होत्या. "मी कोण?" "आई." "चूक! मी कोण?" "आई... न्हाई न्हाई, मावशी!" "बरोबर. अन् आई कोण?" "त्या नव्या साडीवाल्या." बरोबर आलं की सरपंच तिच्या तळहातावर बत्तासा ठेवायची. ओवी खिदळत होती. सरपंचाची आई भिंतीकडे तोंड करून भाकरी थापत होती.

न्यायला जीप आली. सरपंचानं त्या बाईला बाजूला घेऊन सांगितलं, की ही गवार खात नाही, ताप आला की पाय चेपून मागते, अंधाराला भीत नाही पण कडी वाजली की दचकते. बाई डोळे पुसत मान हलवत राहिली. जीप सुरू झाली आणि ओवीनं खिडकीतून हात काढून मोठ्यानं, एकदम बरोबर म्हटलं, "मावशी, टाटा!" सरपंच म्हणाली, "शाब्बास." जीप वळली तरी तिचा हात तसाच वर होता. मी तो धरून खाली घेतला.

त्या वर्षाअखेरीला तिनं लातूर सोडलं आणि हिमायतनगरकडच्या एका कॉलेजात नोकरी धरली, माझ्या समजुतीप्रमाणे केवळ ते लांब आहे म्हणून. मला नांदेडला कायमची नोकरी लागली, लग्न झालं, घर झालं. आमच्या दोघींची पदवी एकच. तिच्याकडे बघत मी जे शिकले, त्याच्या बळावर मी वर्गात उभी राहते. पण तिला त्याचं काय मिळालं, हे मला स्वतःलाच नीट सांगता येत नाही.

गेल्या वर्षी मला मुलगी झाली. बारशाला तिनं यावंच म्हणून मी फोन केला. हिमायतनगर काही परदेशात नाही, असंही म्हटलं.

"मी न्हाई येणार सुजे. राग नको मानू. बारकं लेकरू हातात घ्यायची हिंमत न्हाई राहिली माझ्यात."

मग तिनं विचारलं, "रडते का गं लई?"

मी म्हटलं, "रडते ना. आता रडूनच राहिली आहे."

"फोन जरा तिच्याजवळ धर."

मी धरला. मुलगी रडत होती आणि पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. फोन कानाला लावला, तेव्हा तो चालूच होता.